खुर्चीवर बसणाऱ्याची शाळा
(नवी मुंबईत शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या वाडवडिलांनी एक मोठा लढा दिला, तो कचेरीतल्या खुर्चीचा. गावचा जमाखर्च एकाने लिहावा, दुसऱ्याने त्यावर अंगठा उठवावा, आणि कागदावर काय लिहिले आहे हे अंगठेवाल्याला कधीच कळू नये, अशी शेकडो वर्षांची रीत होती. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच दुःखातून. आपल्या मुलांनी शिकावे, कचेरीत बसावे, म्हणजे आपल्या माणसाला आपला माणूस न्याय देईल, ही त्या पिढीची आशा होती.

आज ती खुर्ची पुष्कळ अंशी मिळाली आहे. बेलापूरच्या कोकण भवनात जा, पनवेल-उरणच्या तहसील कचेऱ्यांत जा, महापालिकेत जा. टेबलामागे कुणब्याचा, आगऱ्याचा, कोळ्याचा, माळ्याचा, सुताराचा, चांभाराचा मुलगा किंवा मुलगी बसलेली दिसेल. आम्हाला त्याचा अभिमान आहे. परंतु आम्ही आज एक कडू प्रश्न विचारणार आहोत. टेबलामागचा माणूस बदलला, मग टेबलापुढच्या माणसाचे हेलपाटे का बदलले नाहीत?

आमचे उत्तर असे की, आपण मुलांना खुर्ची मिळवायला शिकवले, खुर्चीवर बसायला शिकवले नाही. परीक्षेसाठी चार-चार वर्षे अभ्यासिकेत घासली. पण नेमणुकीचा हुकूम हाती पडला, त्या दिवशी शिकणे संपले असे पोराला वाटले आणि बापालाही वाटले. खरे पाहता शिकणे त्या दिवशी सुरू व्हायला हवे.

ही गोष्ट कारागिराच्या घराला समजावून सांगण्याची गरज नाही. लोहाराचा पोर पहिल्या दिवशी घण उचलत नाही. तो आधी भाता ओढतो, लोखंडाचा रंग ओळखायला शिकतो, मग हातात सांडशी येते. सुताराचा पोर आधी रंधा धरतो, नवीन लाकूड त्याच्या हाती कोणी देत नाही. शेतकरीही उभ्या पिकात नवख्याच्या हाती औत देत नाही. मग ज्याच्या एका सहीने एखाद्या घराची जमीन इकडची तिकडे होते, त्याला मात्र सहा दिवसांची व्याख्याने ऐकवून खुर्चीवर बसवावे, हा कुठला न्याय?

शिक्षणाने माणूस कसा घडतो, याचे उदाहरण परक्या मुलखातून आणायला नको. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. वय बारा वर्षांचे आणि अक्षरओळख नाही. दत्तक झाला म्हणून त्याच्या हाती लगेच राज्य दिले नाही. सहा वर्षे त्याला मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू शिकवली. शेवटी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८१ साली कारभार कसा करावा यावर त्याला व्याख्याने दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याची पूर्ण सूत्रे हाती आली. तोच मुलगा महाराज सयाजीराव. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून त्यांनी १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. राजाच्या पोटी न जन्मलेला मुलगा उत्तम राजा झाला, तो शिकवणुकीने. नेतृत्व रक्तातून येते म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनीही नुसत्या जागा वाटल्या नाहीत. आधी १९०१ साली वसतिगृह काढले, आणि मग २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१८ साली कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. वतन म्हणजे बापाची मिरास. पगारी नोकरी म्हणजे रयतेशी करार. हा भेद ज्याला कळला नाही, तो आजही तलाठी नव्हे, नव्या कपड्यांतला कुळकर्णीच आहे, मग त्याची जात कोणतीही असो.

आता सांप्रतची व्यवस्था पाहू. व्यवस्था नाही असे नाही. थोरल्या सनदी अधिकाऱ्यांना मसुरीच्या अकादमीत शिकवतात, देशभर फिरवतात, खेड्यात राहायला धाडतात, जिल्ह्यात हाताखाली काम करवतात. लोकसेवा आयोगातून निवडलेल्या आपल्या राज्याच्या अधिकाऱ्यांसाठी पुण्याच्या ‘यशदा’ संस्थेमार्फत एकत्रित प्रशिक्षण आहे. राज्याने २०११ साली प्रशिक्षण धोरण केले. केंद्राने २०२० साली ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले, त्यात मोबाईलवर धडे घेता येतात. हे सर्व चांगलेच आहे.

पण रयतेची गाठ कोणाशी पडते? कलेक्टराशी शेतकऱ्याची गाठ जन्मात एकदा पडली तर पडते. रोज गाठ पडते ती कारकुनाशी, तलाठ्याशी, ग्रामसेवकाशी, वॉर्डातल्या लिपिकाशी. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव लांबले, त्याबरोबर शिकवणही लांबायला हवी. सरकारचा चेहरा म्हणून गरीब माणूस ज्याला ओळखतो, त्याच्याच वाट्याला सर्वांत थोडे प्रशिक्षण येते. आणि मोबाईलवरचा धडा कितीही चांगला असला तरी त्यात समोर उभ्या राहिलेल्या म्हातारीचा घाबरलेला चेहरा दिसत नाही. धडा पुरा झाल्याचे प्रमाणपत्र निघते, पण म्हातारीचा कागद तिथेच राहतो.

ज्या भूमीवर आपण जमलो आहोत, तिचाच दाखला घ्या. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीची मासेमारी आक्रसली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. पुढे १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

म्हणजे लढाई झाली, रक्त सांडले, निर्णय झाला. पण निर्णय झाला म्हणजे भूखंड हाती आला असे नव्हे! निर्णय आणि माणूस यांच्यामध्ये कचेरी असते. मूळ खातेदार वारला, त्याला चार मुलगे व तीन मुली. त्यांतली एक वारली, तिची मुले परगावी. निवाड्यात नाव एक, सातबाऱ्यावर दुसरे. अशा फाईलवर नवखा कारकून काय करतो? त्याला वाईट हेतू नसला तरी भीती असते. चूक झाली तर मान अडकेल, त्यापेक्षा ‘आणखी एक कागद आणा’ म्हणणे सोपे. तो एक कागद म्हणजे एका घराचे दोन महिने. त्या दोन महिन्यांत दलाल दारात येतो. भिऊन बसलेला कारकून आणि दबा धरून बसलेला दलाल यांची अशी न बोलता भागी जमते. अडाणीपणाचे हे मोल आहे, आणि ते भरतो तो आपण.

म्हणून नेतृत्व हा शब्द नीट समजून घ्या. आपल्याकडे नेता म्हटला की हार, गाडी आणि व्यासपीठ डोळ्यांपुढे येते. आम्ही म्हणतो, जो आपल्या टेबलावरचा निर्णय आपण घेतो आणि त्याची जोखीम दुसऱ्यावर ढकलत नाही, तो नेता, मग त्याचा हुद्दा सर्वांत खालचा का असेना. लागतील ते सारे कागद पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून देणे, हे नेतृत्व आहे. काम होण्यासारखे नसेल तर कारण लिहून ‘नाही’ म्हणणे, हेही नेतृत्व आहे. कारण लेखी ‘नाही’वर अपील करता येते, ‘उद्या या’वर कोठे अपील करणार? वरिष्ठाने तोंडी गैरहुकूम दिला तर ‘साहेब, लेखी द्या’ असे नम्रपणे म्हणणे, हे तर मोठेच नेतृत्व आहे.

कायदाही अशा तरुणाच्या पाठीशी आहे. २००५ च्या बदल्या व विलंबविषयक कायद्याप्रमाणे सर्वसाधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक कचेरीने आपल्या सेवा, त्यांची मुदत, फी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम फलकावर लावले पाहिजे. मुदत टळली तर वरिष्ठाकडे अपील, त्यानंतर दुसरे अपील, आणि शेवटी आयोग. सबळ कारणावाचून सेवा न देणाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे कायदे रयतेला दाखवायला लाजणारा नोकर शिकलेला म्हणता येणार नाही.

सरकारजवळ आमचे तीन मागणे आहे.

पहिले, प्रत्येक नव्या नोकराने रुजू होताच काही दिवस टेबलाच्या अलीकडे काढावेत. जिथे त्याला कोणी ओळखत नाही अशा कचेरीत त्याने साध्या माणसासारखा अर्ज करावा, रांगेत उभे राहावे, आणि आलेला अनुभव लिहून द्यावा. ज्याने हेलपाटा घातला नाही, त्याला हेलपाट्याचा अर्थ व्याख्यानाने कळत नाही.

दुसरे, त्याच्या वर्गात कधी तरी शेतकरी, कोळीण, कुंभार, गवंडी यांना शिकवायला बोलवावे. इथल्या नव्या नोकराला या ९५ गावांची हकीगत तिथल्याच माणसाच्या तोंडून ऐकू द्या. आपल्या कचेरीच्या पायाखाली कोणाचे शेत होते हे ज्याला ठाऊक आहे, तो समोरच्याला ‘बाजूला व्हा’ म्हणताना थबकेल.

तिसरे, पहिले वर्षभर त्याला एका सचोटीच्या, जाणत्या कर्मचाऱ्याच्या हाताखाली द्यावे. आज पोर ज्याच्या शेजारी पडेल त्याचेच वळण घेते. शेजारी पाट्या टाकणारा असला तर पोर पाट्या टाकायला शिकते.

आणि आता आपल्या घरांविषयी. सरकारला बोल लावून आपण सुटत नाही. मुलगा नोकरीला लागला की पहिला प्रश्न काय असतो? ‘पगार ठीक आहे, पण वरकमाई किती?’ सोयरीक जमवताना वरकमाईचा हिशोब हुंड्यात धरणारे आपल्यातच आहेत. भाऊबंद येतात आणि म्हणतात, ‘तू आपला, आमचा कागद आधी काढ.’ अशा वेळी त्या पोराला आपणच कुळकर्णी करतो. दिवसभर प्रामाणिक राहिलेल्या मुलीला संध्याकाळी घरी टोमणे मिळत असतील, तर कुठली अकादमी तिला वाचवणार?

आयांनो, तुम्हीच पहिल्या गुरू आहात. पोर नोकरीवर निघाले की त्याला सांगा, ‘तुझ्यापुढे जो पागोटे काढून उभा राहील, तो तुझा बाप आहे असे समज. त्याला आधी बसायला सांग, मग कागद माग.’ आणि तुम्ही स्वतः कचेरीत गेलात तर भिऊ नका, भांडूही नका. अर्जाची पोच मागा, मुदत विचारा. रयत नीट विचारू लागली की नोकर नीट शिकू लागतो. ही शाळा दोन्ही बाजूंनी चालते.

आपल्या आज्यांनी खुर्चीसाठी झुंज घेतली, ती आपल्या जातीचा माणूस तिच्यावर मिरवावा म्हणून नव्हे. कोणाही गरिबाला तिच्यापुढे वाकावे लागू नये म्हणून. ते काम अर्धे राहिले आहे. ते पुरे करणे आता आपल्या मुलामुलींच्या हाती आहे, आणि त्यांना घडवणे आपल्या हाती.