एकाला अनेकवचन

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये टॉमस एलवुड नावाचा तरुण क्वेकर पंथात गेला आणि त्याच्या घरात एका सर्वनामावरून वादळ उठले. वडिलांसमोर त्याने टोपी उतरविली नाही, हा पहिला अपराध. त्यांना ‘यू’ न म्हणता ‘दाऊ’ म्हटले, हा दुसरा. पुन्हा तसे बोललास तर दात घशात घालीन, अशी धमकी वडिलांनी दिल्याचे एलवुडने आत्मचरित्रात नमूद केले आहे. हाच तरुण पुढे दृष्टी गेलेल्या मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवीत असे. तेव्हा त्याला भाषेची जाण नव्हती, असे कोणी म्हणू नये.

ज्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आजही जिवंत आहे, तिच्या श्रोत्यांना वडिलांचा संताप सहज समजेल. इंग्रजीत ‘दाऊ’ हे एकवचन आणि ‘यू’ हे अनेकवचन होते. पुढे वरिष्ठांना आदराने अनेकवचन लावण्याची रीत पडली, ती हळूहळू बरोबरीच्या माणसांपर्यंत उतरली आणि ‘दाऊ’ हा शब्द जवळिकीचा किंवा तुच्छतेचा ठरला. क्वेकरांना ही रीत मान्य नव्हती. ईश्वरालाही ‘दाऊ’ म्हणतात, मग सरदाराला अनेकवचन कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी 1660 साली सहकाऱ्यांसह एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला आणि एकाला एकवचन व अनेकांना अनेकवचन हाच योग्य प्रयोग होय, हे अनेक भाषांचे दाखले देऊन मांडले.

गंमत अशी की, व्याकरण पूर्णपणे क्वेकरांच्या बाजूचे होते. तरीही ते हरले. ‘यू’ने ‘दाऊ’ला व्यवहारातून हद्दपार केले. अठराव्या शतकात तर निराळेच घडले. एका माणसाला उद्देशून ‘यू वॉज’ असे एकवचनी क्रियापद अनेक सुशिक्षित लोक वापरू लागले होते; पण बिशप रॉबर्ट लाउथ यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात त्याला घोर प्रमाद ठरविले. म्हणजे शतकापूर्वी जे अशुद्ध होते, त्याचेच आता पहारेकरी नेमले गेले. स्वतः क्वेकरांचीही भाषा जागेवर राहिली नाही. अमेरिकेतील त्यांच्या कुटुंबांतून पुढे ‘दी इज’ असा प्रयोग रूढ झाला. त्यात कर्त्याच्या जागी कर्मरूप आणि क्रियापद तृतीय पुरुषाचे! शुद्धतेसाठी तुरुंगवास सोसणाऱ्यांच्या वंशजांची ही भाषा होय.

दुसरे भांडण ‘दे’ या सर्वनामाचे. ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणावे’ या अर्थाच्या वाक्यात इंग्रजी माणूस शतकानुशतके ‘देअर’ म्हणत आला आहे. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही हा प्रयोग आढळतो. वैयाकरणांनी मात्र तो वचनदोष ठरविला आणि ‘ही’ म्हणजे ‘तो’ या शब्दातच ‘ती’ सामावलेली आहे, असे शिकविले. ब्रिटिश पार्लमेंटने 1850 साली तसा कायदाही केला : कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत, उलट स्पष्ट म्हटलेले नसल्यास, स्त्रियांचाही समावेश समजावा.

हा समावेश किती खरा होता, ते लवकरच दिसून आले. 1867 च्या मतदान सुधारणा विधेयकात ‘मॅन’ऐवजी ‘पर्सन’ हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती जॉन स्टुअर्ट मिल यांनी सुचविली. ती 73 विरुद्ध 196 मतांनी फेटाळली गेली. तेव्हा मँचेस्टरमधील पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी 1850 च्या कायद्याचा आधार घेऊन मतदारयादीत नाव मागितले. 1868 साली न्यायालयाने निर्णय दिला की, मताधिकारापुरता ‘मॅन’ या शब्दात स्त्रीचा अंतर्भाव होत नाही. कर भरण्याची वेळ आली की मात्र तोच शब्द तिला बिनतक्रार सामावून घेई. पुरुषांच्या बरोबरीने मत देण्यासाठी तिला 1928 पर्यंत थांबावे लागले.

स्वतःला ‘तो’ वा ‘ती’ न म्हणविणाऱ्या एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याचा अर्थ मेरियम-वेब्स्टर कोशाने 2019 साली नोंदविला आणि त्याच वर्षीचा शब्द म्हणून ‘दे’ची निवड केली. एका माणसाला अनेकवचन लावणे हा भाषेचा खून आहे, अशी तक्रार त्यावर पुन्हा निघाली. तक्रार करणारे समोरच्या एकट्या माणसाला ‘यू आर’ असेच म्हणत होते.