खाण बंद झाली, पाणी थांबलं नाही

मी कोड लिहितो, खाणीत कधी उतरलेलो नाही. पण आजची गोष्ट वाचली आणि आमची ऑन-कॉल ड्युटी आठवली. प्रोजेक्ट संपतो, टीम पांगते, पण सर्व्हर चालूच असतो. रात्री दोनला फोन कुणाला तरी येतोच.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथली व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली. पंप थांबले आणि खाणीत पाणी चढायला लागलं. जानेवारी १९९२ मध्ये एका जुन्या बोगद्याचं बूच फुटलं आणि सुमारे ५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी कार्नन नदीतून खाडीत गेलं. पाणी चक्क नारिंगी झालं!

असं का होतं? खडकात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. त्याला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक ॲसिड बनतं. काही जिवाणू हे काम खूप वेगानं करतात. मग त्या ॲसिडमध्ये जस्त, तांबं, कॅडमियम विरघळतं. नारिंगी रंग असतो लोखंडाच्या गंजाचा.

उपाय दोन. पहिला रासायनिक: पाण्यात चुना घाला. आम्लता मरते, धातू गाळ होऊन खाली बसतात. काम झटपट, भरवशाचं. पण चुना रोज लागतो आणि गाळ कुठेतरी साठवावा लागतो.

दुसरा जैविक, आणि मला जास्त आवडलेला. व्हील जेनला त्याचाही प्रयोग झाला. आधी लव्हाळ्यासारख्या वनस्पतींची तळी, तिथे लोखंड बसतं. पुढे लाकडाचा भुसा, गवत आणि शेण भरलेला, हवा नसलेला हौद. त्यात वेगळे जिवाणू असतात. ते भुसा खातात आणि सल्फेटचं सल्फाइड करतात. सल्फाइड जस्त-कॅडमियमला पकडून ठेवतं, शिवाय आम्लताही कमी होते. म्हणजे बिघाड जिवाणूंनी वाढवला, दुरुस्तीही जिवाणूच करतायत!

अडचण एकच: हे सगळं सावकाश चालतं. पाणी जास्त असेल तर जागाही प्रचंड लागते. म्हणून २००० साली तिथे चुन्याचा मोठा प्लांट उभा राहिला. तो सरकारी पैशावर चालतो. जैविक पद्धत वाईट नाही. थोडं पाणी आणि भरपूर जमीन असेल तिथे ती शोभते.

पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. भुसाही कधीतरी संपतो, हौदही भरतो. पाणी मात्र येतच राहतं. म्हणून नवी खाण सुरू होताना "नोकऱ्या किती?" हे विचाराच, पण सोबत हेही विचारा: खाण बंद झाल्यावर पंप कोण चालवणार, पैसे कोण भरणार? ते आधी लिहून घेतलं नाही, तर पाण्यात चुना पडेलच, पण लागेल तो आपल्यालाच.

काय वाटतं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!