ताप सांगताना वावरही सांगा



तान्हा पोळा झाला. आपल्या सिंदीचे मोठमोठे लाकडी नंदी आपापल्या घरी परतले, पाव्हणे गेले, आणि आपण पुन्हा वावरात. पऱ्हाटी कमरेला लागली, सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या, धुऱ्यावर गवत माजलं. याच दिवसांत माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर तापाच्या बायांची रांग लागते. डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड ही नावं तुम्हाला पाठ आहेत. त्यांच्यात लपून येणाऱ्या आणखी एका तापाबद्दल आज सांगते. दवाखान्यात आल्यावर काय बोलायचं आणि काय दाखवायचं तेही सांगते, कारण या तापात बरंच काही त्यावरच ठरतं.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत एक ताई आल्या. चार दिवसांचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून आलेलं. मी मलेरिया तपासला, डेंग्यू तपासला. दोन्ही निघाले नाहीत. व्हायरल असेल म्हणून मी तापाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची जाऊ त्यांना ऑटोत घालून घेऊन आली. धाप लागलेली, डोळे पिवळे. नर्सताईंनी कपडे सैल केले तेव्हा परकराच्या नाडीखाली एक काळी खपली दिसली, विडीचा चटका बसल्यासारखी. ताई म्हणाल्या, "ते तं आठ दिवसांपासून आहे. दुखत नव्हतं, म्हणून नाही सांगितलं." आणि मी विचारलंच नव्हतं. मोठ्या दवाखान्यात त्यांना अकरा दिवस राहावं लागलं. त्या वाचल्या, पण हंगामाची मजुरी गेली आणि गटाचं कर्ज डोक्यावर आलं. ती खपली मी पहिल्याच दिवशी पाहिली असती, तर साध्या गोळ्यांवर भागलं असतं.

या तापाचं नाव स्क्रब टायफस. स्क्रब म्हणजे झुडपं. दुसऱ्या महायुद्धात आसाम आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणारे सैनिक या तापाने आजारी पडत. आपल्याकडे २०१८ साली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत याचे रुग्ण आढळले, काही दगावलेही. तेव्हापासून पावसाळ्यात डॉक्टर याच्यावर नजर ठेवतात.

हा ताप डासाने होत नाही. गवतात, झुडपात, उंदरांचा वावर असतो तिथे एक बारीक किडा असतो. त्याचं पिल्लू इतकं लहान की डोळ्याला दिसणं कठीण. ते अंगावर चढतं आणि जिथे कपडा घट्ट बसतो किंवा कातडी नाजूक असते तिथे चावतं. चावलेलं कळत नाही. साधारण दहा दिवसांनी, कधी सहा तर कधी वीस दिवसांनी, ताप येतो. चावल्याच्या जागी बऱ्याच जणांना काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्ष जात नाही. मात्र खपली सगळ्यांनाच येते असं नाही, हेही लक्षात ठेवा. एका माणसाचा ताप दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे घरच्यांनी आजारी बाईला वेगळं बसवू नये.

आता विचार करा, गवतात कोण जातं? निंदणाला आपण, गाईसाठी भारा कापायला आपण, सरपणाला आपण. झुडपाआड बसावं लागतं तेही आपल्यालाच. आणि खपली कुठे येते? काखेत, स्तनाखाली, कमरेला, जांघेत. हे कोणाला दाखवायची आपल्याला लाज वाटते. डॉक्टर पुरुष असला तर आपण बोलतच नाही. तिथेच दिवस वाया जातात.

म्हणून या हंगामात ताप आला की एवढं करा.

ताप आला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. "चार-पाच दिवस झाले असतील" यापेक्षा "सोमवारपासून" हे आम्हाला जास्त कामाचं असतं.

घरातच जावेला, मुलीला किंवा सासूबाईंना सांगून सगळं अंग पाहून घ्या. पाठ, काख, कमर, गुडघ्यामागे, कानामागे, डोक्यात केसांखाली. लेकरांचंही पाहा.

दवाखान्यात सैल कपड्यात या. पडद्याआड तपासा, नर्सताईला जवळ उभं करा, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा, "मी पंधरा दिवसांपासून निंदणाला जात होते, गवत कापत होते." हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलू शकतं.

जुने कागद, रक्ताचे रिपोर्ट, आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. त्यातच आधार कार्ड आणि रेशन कार्ड ठेवा. "पांढरी गोळी होती" म्हटल्याने आम्हाला काही कळत नाही. शुगर, बीपी, पाळी चुकलेली, पोटात बाळ, अंगावर पिणारं लेकरू, यातलं काही असेल तर आधी सांगा. औषध त्यावर ठरतं.

या तापाचं मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन. गरोदर बाईला बहुतेक दुसरं औषध देतात. लवकर सुरू झालं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. नेहमीची पुष्कळ अँटिबायोटिक औषधं याच्यावर चालत नाहीत, म्हणून मेडिकलमधून मनाने काही आणू नका. रक्ताची तपासणी सुरुवातीच्या दिवसांत चुकू शकते, तेव्हा नुसत्या शंकेवरून डॉक्टरांनी औषध सुरू केलं तर घाबरू नका. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या, लगेच आडव्या होऊ नका. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. आणि दुखतं म्हणून सुई मागू नका. डेंग्यू असेल तर दुखण्याच्या काही औषधांनी रक्तस्राव वाढतो. डॉक्टरला भेटेपर्यंत पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, एवढंच.

धाप लागली, बरळायला लागलं, लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, झटका आला किंवा कुठून रक्त आलं, तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. आपल्याजवळ वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं रुग्णालय आहे. पैशासाठी थांबू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांचे नियम वेगळे असतात, तिथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा टेबल कुठे आहे ते विचारा.

टाळायचं कसं? निंदणाला आपण जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतोच, तो सोडू नका. पायात मोजे आणि बूट असले तर आणखी चांगलं. दुपारची भाकर गवतावर बसून खाऊ नका, पोतं अंथरा. कपडे झुडपावर वाळत घालू नका. घरी आल्यावर आधी साबणाने आंघोळ करा, वावराचे कपडे धुवायला टाका, मग लेकराला जवळ घ्या. घराभोवतीचं गवत काढा, उंदरांना खायला मिळेल असं धान्य उघडं ठेवू नका.

शेवटचं एक काम गटासाठी. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करताना प्रत्येकीला विचारा, "घरी कोणाला ताप आहे काय? अंग पाहिलं काय?" जिला असेल तिच्यासोबत एक जण दवाखान्यात जा, आशाताईंना कळवा. त्या ताईंना मी विचारलं नव्हतं. तुम्ही एकमेकींना विचारा.

काळजी घ्या.