टोल वगळून उरलेला नाद
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, देवळातल्या घंटेचा आवाज जरा मनातल्या मनात आठवून पाहा. आधी लोलक कडेवर आदळतो, तो टणत्कार. मग मागे बराच वेळ रेंगाळते ती आस. या दोन्हींना मिळून आपण घंटेचा आवाज म्हणतो. आता समजा, तो पहिला टोल कापून टाकला आणि नुसती आस तेवढी ठेवली. ती घंटेसारखी वाटेल का?

१९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओतल्या प्येर शेफेर नावाच्या अभियंत्याने हे करून पाहिलं. टोल वगळल्यावर घंटा ओळखूच येईना. ओबोसारखं, म्हणजे आपल्या सनईच्या जातकुळीतलं एखादं फुंकवाद्य वाजतंय असा भास होऊ लागला. आवाज तोच, पण त्याची ओळख पार बदलली. एका नव्या संगीताचं दार उघडलं ते अशा कुतूहलातून.

'इलेक्ट्रॉनिक संगीत' म्हटलं की आपल्याकडे पटकन डोळ्यांपुढे येतात त्या विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती, नाहीतर जुन्या गाण्यांची रिमिक्स. मग प्रश्न येतो, 'बटण दाबलं की वाजतं, त्यात कलावंत कुठे आला?' प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की या संगीतात जे कल्पक आहे ते बटणातून आलेलं नाही, कानातून आलेलं आहे. आणि ज्यांच्या कानांतून ते आलं, त्यांतल्या अनेकांची नावं आपण फार उशिरा घेतली.

शेफेर यांच्याकडे तेव्हा साधा टेपरेकॉर्डरही नव्हता, तबकड्या होत्या. त्यांनी पॅरिसच्या बातीन्योल स्थानकावर जाऊन इंजिनांचे आवाज मुद्रित केले. वाफेचे सुस्कारे, शिट्ट्या, रुळांवरचा खडखडाट. तबकडीवर एक खाच गोल बंद केली, की सुई तिथल्या तिथे फिरत राहते आणि तोच तुकडा पुन्हापुन्हा ऐकू येतो. तीनचार वेळा ऐकला की त्यातली गाडी विसरायला होते आणि ठेका तेवढा उरतो. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ही रचना रेडिओवरून प्रसारित झाली. आपल्या लोकलमधल्या भजनी मंडळींना हे पटवून द्यावं लागणार नाही. गाडीच्या लयीशी टाळांचं कसं जमतं, ते त्यांना ठाऊकच आहे.

दुसरं उदाहरण लंडनचं, आणि तेही रेडिओच्याच घरातलं. बीबीसीने १९५८ साली नाटकांसाठी आणि इतर कार्यक्रमांसाठी वेगळे आवाज तयार करणारा 'रेडिओफोनिक वर्कशॉप' हा विभाग सुरू केला. तिथे डीलिया डर्बीशायर नावाच्या बाई आल्या. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या. त्याआधी एका ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांना 'आम्ही स्टुडिओत बायका घेत नाही' असं सांगून परत पाठवलं होतं.

१९६३ साली 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकसंगीत त्यांच्याकडे आलं. चाल रॉन ग्रेनर यांची, कागदावर लिहिलेली. ती वाजवायला वाद्यवृंद नव्हता, सिंथेसायझरही नव्हता. होती एक छेडलेली तार, चाचणीसाठी वापरतात ते ऑसिलेटर आणि चुंबकीय फीत. फीत जलद फिरवली की सूर चढतो, सावकाश फिरवली की उतरतो. अशा रीतीने एकेक सूर तयार करायचा, तो जितका वेळ हवा तितक्या लांबीची फीत कापायची आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा. सगळी चाल अशी हाताने जोडलेली. गोधडी शिवावी तसं हे काम. तयार झालेलं संगीत ऐकून ग्रेनर चकित झाले आणि श्रेयात त्यांनाही वाटा मिळावा म्हणून त्यांनी प्रयत्न केला. पण विभागातल्या माणसांची नावं द्यायची नाहीत, असा तिथला दंडक होता. डर्बीशायर २००१ साली गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव आलं ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या खास भागात.

यावर कुणी म्हणेल, 'हे झालं परदेशातलं. आपलं संगीत मींडेचं, श्रुतींचं. ते यंत्राला कसं जमायचं?' या शंकेला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. सुरांना घट्ट पकडून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर मींड येत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनिअमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटी आणि ऑर्गनच्या साथीने वाढलं, तिथे हे वेगळं सांगायला नको. मींड येत नाही हा आक्षेप खरा होता. पण आहे त्या वाद्यातून काय काढायचं, हे वाजवणाऱ्यांनी आपापल्या परीने शोधलंच.

आता अहमदाबादला जाऊ. १९६९ साली तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी एक स्टुडिओ उभा करून दिला. त्यात मूग सिंथेसायझर होता. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जशा तारा एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसत, तसंच त्याचं. कुठली तार कुठे जोडली यावर आवाज ठरायचा आणि विजेचा दाब कमीजास्त केला की सूर वरखाली व्हायचा. म्हणजे पट्ट्यांची सक्तीच नाही, दोन सुरांमधली सगळी वाट मोकळी! पखवाज शिकलेल्या गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि त्या वेळी विद्यार्थी असलेले जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे प्रयोग केले. माथुर यांच्या एका रचनेचं नावच 'मी एकदा तानपुरा वाजवला' अशा अर्थाचं आहे. जोशीपुरांनी मात्र थेट अवकाशयानाच्या प्रवासाची कल्पना केली.

तीनचार वर्षांत हे काम थांबलं. टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. त्यांची रिळं बाहेर काढली पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने, २०१७ साली. त्यातल्या निवडक रचना लोकांना ऐकायला मिळाल्या त्या २०२३ मध्ये. म्हणजे मध्ये अर्धं शतक गेलं.

आणि मुंबई? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग इथलेच. १९८२ साली, डिस्कोचा जोर असताना, त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. ललित, यमन, मालकंस आणि इतर. साथीला जपानी रोलंड कंपनीची तीन यंत्रं. त्यातलं ३०३ हे बास गिटारची जागा घेईल म्हणून बनवलेलं. बास गिटारसारखं ते काही वाजलं नाही आणि १९८४ साली कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं. पण या यंत्राला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत होतं. कंपनीच्या लेखी ती एक छोटी सोय. रागदारी ठाऊक असलेल्या कानाला मात्र त्यात मींडेची चाहूल लागली.

ध्वनिमुद्रिका चालली नाही. पुढे १९८७ साली शिकागोतल्या तरुणांनी हेच यंत्र वेगळ्या तऱ्हेने वापरलं आणि 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा प्रकार जगभर गेला. सिंग यांची तबकडी त्यांनी ऐकली होती असं मानायला आधार नाही. पण २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा तिच्यातलं साम्य ऐकून जाणकार थक्क झाले. उतारवयात सिंग यांनी परदेशात जाऊन ती रचना श्रोत्यांपुढे वाजवली. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांना ते कौतुक पाहायला मिळालं, एवढंच समाधान.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यंत्र देणाऱ्याने जे ठरवून दिलं, त्यापलीकडचं काहीतरी या माणसांनी त्यात ऐकलं. कल्पक इलेक्ट्रॉनिक संगीत आणि नुसता गोंगाट यांत फरक करायचा तर मी हीच कसोटी लावतो. तयार ठेका लावून वर चाल चिकटवली आहे, की कुणीतरी त्या आवाजापाशी थांबून त्याच्याशी झटलं आहे? थोडं ऐकलं की ते कळतं.

तेव्हा सुरुवात करायची तर सिंग यांच्या यमनपासून करा. यमन आपल्या ओळखीचा आहे, म्हणजे वाट चुकणार नाही. मग डर्बीशायर, मग अहमदाबादच्या टेप आणि शेवटी शेफेर यांची आगगाडी. हे सगळं आता इंटरनेटवर सापडतं. दुसरं काही काम करता करता मात्र ऐकू नका, दहा मिनिटं स्वस्थ बसा. 'हे कुठलं वाद्य?' असं विचारण्याआधी 'या आवाजाचं आता काय होतंय?' असं विचारून पाहा.

एवढं करून नाही आवडलं, तर खुशाल नाही म्हणा. पण ऐकून म्हणा. ज्यांची रिळं कपाटात पडून राहिली, त्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं.