नाच्याला दाद

(इगतपुरी येथे झालेल्या युवक-युवती शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री आपण सर्वांनी मिळून ‘नटरंग’ पाहिला. आनंद यादवांच्या कादंबरीवर रवी जाधव यांनी केलेला हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला, आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यातला काळ सत्तरच्या दशकाचा आहे. गुणा कागलकर शेतमजूर, अंगाने पैलवान, डोक्यात मात्र तमाशा. त्याला राजाची भूमिका करायची असते. पण फडात नाच्या हवाच, अशी अट नयना घालते. नाच्या व्हायला कोणीच तयार होत नाही. शेवटी गुणाच मिशी उतरवतो.

गुणा पहिल्यांदा कंबर लचकवतो तेव्हा काल सभागृहात हशा पिकला. चित्रपट पुढे सरकला तसा तो विरला. आज मला त्या हशाबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवातीला एक शंका. काल एका तरुण मित्राने विचारलं, “तमाशाचा आपल्या समाजाशी काय संबंध?” जेजुरीचे शाहीर सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते. त्यांच्या लावण्या मराठीने आपल्या मानल्या. पुरुष शाहिराने बाईच्या मनातलं बाईच्या तोंडून बोलायचं, ही लावणीची जुनी रीतच आहे. तेव्हा हा विषय परका नाही.

गुणा बदलतो म्हणजे काय होतं? तो चालणं शिकतो, मनगट वळवणं शिकतो, नजर टाकणं शिकतो. पंडबा शिकवतो, तो गिरवतो. बायकी चाल जर शिकता येते, तर छाती काढून चालणंही तो कधीतरी शिकलेलाच होता. एक तालीम आखाड्यातली, दुसरी फडातली. आतला माणूस तोच राहतो. बायकोचा नवरा तोच, पोराचा बाप तोच. बदलते ती गावाची नजर.

ही नजर सर्वांना सारखी लागू होत नाही. याच दिग्दर्शकाने पुढच्याच वर्षी ‘बालगंधर्व’ केला. नारायणराव राजहंस आयुष्यभर रंगमंचावर शालू नेसले. त्यांच्या साड्या, त्यांचे दागिने पाहून घरंदाज बायका तशी फॅशन करत. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ते योग्यच होतं. पण संगीत नाटकातला पदर म्हणजे कला आणि तमाशातला पदर म्हणजे थट्टा, हे कोणी ठरवलं? बालगंधर्व पूर्ण स्त्री उभी करत आणि नाच्या अधलामधला राहतो, हा फरक आहेच. पण दुसराही एक फरक आहे. एका मंचासमोर पांढरपेशे प्रेक्षक बसत. दुसरा मंच महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी जगवला. लिंगाच्या प्रश्नात जात अशी शिरते.

आणि धर्मही शिरतो. गोहरबाई कर्नाटकी या मुसलमान गायिका बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या. पुढे दोघांनी लग्न केलं. कंपनीच्या उतरत्या काळाचं खापर बऱ्याच जणांनी त्यांच्यावर फोडलं, त्यांचा धर्मही काढला. पुरुषाने बाई साकारली तेव्हा महाराष्ट्राने डोळे भरून पाहिलं. खरी बाई आली, तीही मुसलमान, तेव्हा तिचं गाणं ऐकण्याआधी तिची चौकशी झाली.

नाच्याची भूमिका म्हटली की गणपत पाटील आठवतात. त्यांना बायको होती, मुलं होती. तरी पडद्यावरच्या भूमिकेचा त्रास त्यांच्या कुटुंबाला भोगावा लागला, कारण लोकांना भूमिका आणि माणूस वेगळे करता आले नाहीत. गुणाच्या पोरालाही तेच सोसावं लागतं.

आता सर्वांत कठीण प्रसंग. राजकीय भांडणात गुणावर सामूहिक बलात्कार होतो. गाव त्यालाच दोषी धरतं, घरचेही दार लावतात. हा प्रसंग आज घडला तर गुणा कुठे जाईल? आपल्या कायद्यात बलात्काराची पीडित व्यक्ती स्त्रीच असते. पुरुषासाठी कलम ३७७ हा एकच आधार होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले, त्याचं आपण स्वागत केलं. जबरदस्तीपुरतं ते कलम कायम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलमच नाही. म्हणजे प्रौढ पुरुषावर असा अत्याचार झाला तर मारहाण, दुखापत, डांबून ठेवणं, एवढीच कलमं उरतात. जे घडलं त्याला कायद्यात नावच नाही. या मागणीवर स्त्री संघटनांशी बोलून आपण निवेदन तयार करावं, अशी माझी सूचना आहे.

एका व्यक्तीला मात्र चित्रपट मागे सोडून जातो. गुणाची बायको. तिच्या रागात समाजाचं विष आहे, हे खरं. पण घर चालवणं, लोकांचे टोमणे ऐकणं, नवरा परगावी असताना पोर सांभाळणं हे तिच्याच वाट्याला आलं. गुणाला म्हातारपणी जीवनगौरव मिळतो. तिला कोणता पुरस्कार?

आपल्या घरांत मुलगी धीट निघाली की आपण कौतुकाने तिला मर्दानी म्हणतो. मुलगा हळवा निघाला की त्याला बायल्या म्हणून हिणवतो. दोन्ही शब्दांत बाईच खाली आहे. मुलाने मेंदी काढली, स्वयंपाकघरात रमला, रडला, तर त्याला टोकण्याआधी हा हिशोब आठवा.

‘दाद’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. मूळ अर्थ न्याय. कलेला आपण दाद देतो आणि अन्यायाविरुद्ध दाद मागतो. गुणाला पहिली दाद उशिरा का होईना मिळाली. दुसरी अजून कोणीच दिलेली नाही, आणि ती टाळ्या वाजवून देता येत नाही.