अडलेल्या होडीचे पाहुणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी जेमतेम सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. परंतु बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने सांगितलेली एक हकिगत मनातून जात नाही, तीच आज आपणांपुढे ठेवते.

शिडाच्या होड्यांची जगाला वळसा घालणारी एक मोठी शर्यत असते. 2011 साली ती स्पेनमधल्या अलिकांते बंदरातून निघाली. पहिला मुक्काम आफ्रिकेच्या टोकाचे केपटाऊन. शर्यतीत ‘प्यूमा’ नावाची अमेरिकन होडी होती. तिच्यावर अकरा माणसे. 21 नोव्हेंबरला, ती दुसऱ्या क्रमांकावर धावत असताना, भर समुद्रात तिची डोलकाठी मोडली. माणसे सुखरूप राहिली, पण शीड गेले म्हणजे होडीचे पायच गेले! उरल्यासुरल्या काठीला शिडाचा तुकडा बांधून, वाटेतल्या एका मालवाहू जहाजाकडून डिझेल घेऊन, ती कशीबशी त्रिस्तान द कुन्हा नावाच्या बेटाला लागली.

हे बेट केपटाऊनपासून सुमारे 2,800 किलोमीटर दूर. विमान उतरत नाही. बोटीने आठवडाभर लागतो. वस्ती एकाच गावाची, सुमारे अडीचशे माणसांची. बटाटे पिकवावेत, समुद्रातल्या शेवंडी धराव्यात, असा त्यांचा संसार. तिथे नवी डोलकाठी कुठून मिळणार? होडी उचलून न्यायला केपटाऊनहून जहाज येईपर्यंत थांबणे भाग होते. दुरुस्ती त्या गावाच्या हातात नव्हती. हातात होते ते घर, अन्न आणि आपुलकी. तेवढे त्यांनी दिले. त्या अकराजणांना आपल्यात सामावून घेतले. पुढे जहाज आले, होडी केपटाऊनला गेली, नवी डोलकाठी बसली आणि 11 डिसेंबरला ती दुसऱ्या टप्प्यासाठी इतरांबरोबर उभी राहिली. 2012 साली शर्यत संपली तेव्हा ती तिसरी आली.

या बेटाची आणखी एक गोष्ट आहे. 1961 साली तिथला ज्वालामुखी फुटला आणि सारा गाव इंग्लंडला न्यावा लागला. 1963 साली बहुतेक लोक परतले. इंग्लंडात ज्या कॅलशॉट गावी त्यांनी दिवस काढले, त्याचेच नाव त्यांनी पुढे आपल्या छोट्या बंदराला दिले. स्वतः आसरा घेतलेली माणसे आसऱ्याचे मोल विसरली नाहीत.

आता माझी गोष्ट सांगते. सांगताना मान खाली जाते. दोन वर्षांपूर्वी पौषात आपल्या बंदरात परजिल्ह्यातली एक मच्छीमार होडी पंखा तुटून आठ दिवस अडकली होती. त्यांतला एक पोरगेला खलाशी माझ्या दारी आला. म्हणाला, “मावशी, चूल भिजली आहे. एवढा भात शिजवून द्याल का? तांदूळ आमचेच आहेत.” घरात मी एकटी. लोक काय म्हणतील, असे मनात आले. मी खिडकीतूनच “गॅस संपलाय” म्हणून सांगितले. गॅस संपला नव्हता. तो “बरं मावशी” म्हणून तांदळाची पिशवी घेऊन परत गेला. त्याचे ते “बरं मावशी” मला अजून ऐकू येते.

भगिनींनो, एकटीदुकटीने परक्याला घरात घेऊ नये, हे खरेच. पण मंडळ कशासाठी असते? एकटीला जे भय वाटते ते दहाजणींना वाटत नाही. आपली मोठी पातेली नि सतरंज्या हळदीकुंकवाखेरीज वर्षभर कपाटात असतात. बंदरात होडी अडली, तर दहाजणींनी मिळून मंडळाच्या ओटीवर एक वेळचा भात रांधावा, खलाशांना अंथरायला सतरंज्या द्याव्यात, आजाऱ्याला डॉक्टरांकडे पोचवावे. तुटलेला पंखा मिस्त्री बसवील. पंखा येईपर्यंतचे दिवस मात्र आपण सुसह्य करू शकू.

आपल्यापैकी कित्येकींचे भाऊ, मुलगे समुद्रावर आहेत. त्यांची होडी कुठे अडली, तर तिथली एखादी मावशी दार उघडील, अशीच आपली आशा असते ना? मग सुरुवात आपल्या ओटीपासून व्हावी. पातेल्याखालची पहिली चूल मी पेटवीन.