मिरचीच्या मागे मेक्सिकोपर्यंत

कल्पनाप्रवास, म्हणजे वर्गातली बाके आगगाडीच्या डब्यासारखी मांडून, हाती कागदी तिकीट देऊन मुलांना जागच्या जागी दूरदेशी नेण्याची शिक्षणपद्धती, पुष्कळदा वेशभूषा आणि झेंडे यांच्यापाशीच थांबते. त्यामुळे मुलांना परका देश दिसतो तो सणावारी नटलेला, आणि तिथली माणसे रोज काय खातात, कशी राबतात, हे कळायचे राहूनच जाते. बेळगाव-निपाणी परिसरात या प्रवासाची शिदोरी आठवडी बाजारातच मिळते.

निपाणीजवळच्या संकेश्वरचे नाव लावणारी संकेश्वरी मिरची येथल्या घरोघरच्या चटणीत असली, तरी मिरचीचे मूळ मेक्सिकोकडचे असून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मुलांनी तिचा देठ मोडावा, वास घ्यावा, आणि जमिनीवर खडूने काढलेल्या नकाशावरून गोवा, आफ्रिकेचे दक्षिण टोक, अटलांटिक महासागर असे उलट चालत जावे. मेक्सिकोत परंपरेने मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, पाट्यासारख्या दगडावर वाटतात, हातावर थापून मातीच्या तव्यावर भाजतात आणि त्या भाकरीला तॉर्तिया म्हणतात. मका, चुना, पाटा, तवा हे सारे निपाणीच्या मुलांच्या ओळखीचे, तरी भाकरी मात्र निराळी. संस्कृती म्हणजे माणसांनी पिढ्यानुपिढ्या घडवलेली जगण्याची रीत, हे सहा वर्षांच्या मुलालाही येथे उमगते. निपाणीच्या वखारींत ज्या तंबाखूवर अनेकांच्या आया राबतात, तीही अमेरिका खंडातूनच आलेली आहे, आणि आईच्या कष्टाचा धागा जगाच्या नकाशाशी जुळलेला पाहणे हा त्या मुलांचा हक्क आहे.

ही वाट मराठी बालशिक्षणाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे उभारलेल्या कामात शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूच शिक्षणाची साधने झाल्या होत्या.

सीमाभागातील मुले घरी मराठी आणि बाजारात कन्नड सहज बोलतात, त्यामुळे दुसऱ्याची रीत समजून घेण्याची त्यांची तयारी आधीच झालेली असते. म्हणून प्रवासाचा पहिला मुक्काम शेजारच्या कन्नड शाळेत असावा. तिथल्या मुलांनी हावेरीकडची लालभडक, कमी तिखट ब्याडगी मिरची आणावी, मराठी शाळेतल्या मुलांनी संकेश्वरी न्यावी, आणि दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी येत्या सत्रात एकत्र बसून त्या दोन मिरच्यांसाठी एकच नकाशा आखावा.